कानाहेबी या जपानी सरड्यासाठी घेतलेला काचेचा संच: चार महिने वापरल्यानंतर

आधी किंमत सांगते, कारण दुकानात मी तिथेच अडले होते: १२,८०० येन. त्यात मिळालं ते असं. ४५ सेंटिमीटर रुंद काचेची पेटी, पुढे उघडणारी दोन दारं, वर जाळीचं झाकण. चिमट्यानं अडकवायचा दिवा आणि त्यात ५० वॉटचा बल्ब. तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारं काट्याचं छोटं मीटर, नारळाच्या सोडणाचा भुसा, पाण्याची ताटली आणि लपायला झाडाच्या सालीचा एक पोकळ तुकडा. खोक्यावर सूर्य काढला होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आजपासून सुरुवात करायला लागतं ते सगळं यात आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असे संच जपानमध्ये तीन-चार कंपन्यांचे मिळतात आणि खोकी उघडली तर आत जवळपास तेच निघतं. त्यामुळे हे वाचून कुठल्याही कंपनीचा संच घेताना उपयोग व्हावा. माझं मत थोडक्यात: पेटी फार चांगली आहे, पैसे वसूल. पण 'सगळं' त्यात नाही. जे नाही, त्यापायी आमच्या घरातला एक जीव मरणाच्या दारात जाऊन आला. म्हणून इतकं सविस्तर लिहायला बसले.

आम्ही योकोहामात राहतो. मुलगा ईशान दुसरीत आहे. इथे पहिली-दुसरीला 'सेइकात्सु' नावाचा विषय असतो, त्यात मुलं रोपं लावतात, किडे-बेडूक पाळतात, त्यांचं निरीक्षण लिहितात. मेच्या दुसऱ्या रविवारी त्सुरुमी नदीच्या बांधावर आम्ही फिरायला गेलो होतो. बांधाचं गवत गुडघाभर वाढलेलं. ईशान मुंडी खाली घालून त्यात शिरला आणि दहा मिनिटांनी दोन्ही हातांची ओंजळ मिटून आला. बोटांच्या फटीतून एक लांबलचक शेपूट बाहेर लोंबत होती. माझ्या तोंडून "साप!" एवढंच निघालं. तो म्हणाला, "आई, साप नाही, कानाहेबी आहे. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये."

नावात साप आहे हे खरं. जपानीत 'हेबी' म्हणजे साप. पण प्राणी म्हणजे गवतात राहणारा एक सडपातळ सरडा. शास्त्रीय नाव टाकिड्रोमस टाकिड्रोमॉइडिस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वेगानं पळणारा असा होतो आणि एकदा हातातून सुटल्यावर तो अर्थ नीट कळतो. जपानच्या बेटांवर, होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत, तो सापडतो आणि जगात दुसरीकडे कुठेही मूळचा नाही. इथल्या बांधांवर, बागांच्या कडेला, शेतांच्या काठाला तो इतका सवयीचा आहे की जपानी मुलांना त्याचं अप्रूप आहे पण भीती नाही.

आपल्याकडच्या सापसुरळीशी त्याची गल्लत करू नका. सापसुरळी तेल लावल्यासारखी चकाकते. तिच्या जातीतली जपानी भावंडंही चकाकतात, त्यांच्या पिल्लांची शेपूट तर निळीजर्द असते. कानाहेबी कोरडा, खरखरीत, पाठ वाळल्या गवताच्या रंगाची, डोळ्यामागून निघून कुशीवरून गेलेली गडद पट्टी. पोट पिवळसर. ईशाननं काचेला फूटपट्टी लावून मोजलं: २० सेंटिमीटर, त्यातली साडेतेरा नुसती शेपूट. पोटाच्या रंगावरून आणि आबांच्या वाईच्या शेतावरून नाव ठेवलं, हळद.

घर भाड्याचं. करारात पाळीव प्राण्यांना मनाई होती, म्हणून मी आधी व्यवस्थापन कंपनीला फोन केला. कुत्रं-मांजर नाही, पेटीतला लहान प्राणी चालेल, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी संच घेतला. भाड्यानं राहत असाल तर हा फोन आधी करा.

आता पेटीबद्दल. पुढून उघडणारी दारं ही या संचातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. पहिली रात्र हळद शंभर येनच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या किड्यांच्या डब्यात होती. त्याचं झाकण वर. वरून हात आला की ती डब्याच्या भिंतींवर आपटत सुटायची. गवतातल्या सरड्यावर झडप घालणारे पक्षी वरूनच येतात, त्यामुळे वरून आलेली कुठलीही सावली तिच्यासाठी पक्षीच. काचेच्या पेटीत पुढून, तिच्या पातळीवरून, हळू हात आत घातला तर चौथ्या दिवसापासून ती जागची हललीसुद्धा नाही. दाराची खिट्टी घट्ट आहे, सात वर्षांच्या मुलाला दोन्ही हात लावावे लागतात, आणि ते बरंच आहे.

काच चढणं हळदला जमत नाही. पालीच्या बोटांना असते तशी चिकटणारी गादी कानाहेबीला नसते, नुसती लांब बोटं आणि नख्या. तरी कोपऱ्यात काचा जोडलेला सिलिकॉनचा सांधा असतो ना, त्याला नख्या रुतवून ती सरळ वर गेलेली मी पाहिली आहे. त्यामुळे वरचं जाळीचं झाकण हवंच. ते दोन्ही बाजूंना नीट बसतं, हलत नाही.

आतल्या सामानावर मात्र माझा आक्षेप आहे. भुसा आणि सालीचा तुकडा. बस. हे वाळवंटातल्या किंवा झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या सरड्याचं घर झालं. कानाहेबी गवताचा जीव आहे. शरीराच्या दुप्पट लांबीची शेपूट तिला उगीच मिळालेली नाही. गवताच्या पात्यांवरून चालताना ती शेपूट शेजारच्या चार पात्यांवर टेकवते आणि वजन वाटून घेते. रात्री झोपतेही तशीच, जमिनीपासून वर, पात्यांवर अंग टाकून. पहिले पाच दिवस हळद सालीखाली गेलीच नाही. रोज रात्री ती काचेच्या कोपऱ्यात उभी राहून झोपायचा प्रयत्न करायची, पुढचे पाय काचेवर, मान वर. ते बघून ईशानला झोप येईना.

मग मी मांजरांसाठी मिळणाऱ्या गवताचं पाकीट आणलं. इथे ओटचे दाणे आणि माती असं छोटं पाकीट मिळतं, मांजरांना चघळायला घरात उगवतात. नवरात्रात घट बसवतो तसंच मी केलं. उथळ परडी, दोन बोटं माती, दाणे पसरले, वर मातीचा पातळ थर, पाण्याचा शिपका. पाचव्या दिवशी कोंब, नवव्या दिवशी वीतभर गवत. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, मे महिन्यात कसले घट?" परडी पेटीत ठेवली त्या रात्री दिवा मालवल्यावर अर्ध्या तासानं आम्ही टॉर्चवर रुमाल धरून पाहिलं. हळद पात्यांच्या शेंड्यांवर आडवी पडली होती, चारही पाय मागे सैल सोडलेले, डोळे मिटलेले. हो, मिटलेले. पालीला पापण्या नसतात, कानाहेबीला असतात. ईशाननं त्याच्या निरीक्षणाच्या कार्डावर तेवढंच लिहिलं, की ती डोळे मिटून झोपते.

गवताचा दुसरा फायदा पाण्याचा. संचातली पाण्याची ताटली दिसायला छान आहे, पण कानाहेबी पात्यांवरचं दव चाटून पिते. सकाळ-संध्याकाळ गवतावर पाण्याचा फवारा मारायचा, थेंब लोंबायला लागले की ती येऊन एकेक टिपते. ताटलीतून पिताना मी तिला चार महिन्यांत दोनदा पाहिलं असेल. फवाऱ्याची बाटली संचात नाही. ११० येन, कुठल्याही शंभर येनच्या दुकानात.

आता दिवा. हा भाग सावकाश वाचा.

बल्ब चांगला चालतो. त्याच्याखाली ठेवलेला दगड अर्ध्या तासात ३४ अंशांपर्यंत तापतो, पेटीची दुसरी बाजू २५-२६ अंशांवर राहते, आणि तिला हवं तसं ती इकडून तिकडे जाते. सरड्याला शरीराची उष्णता स्वतः बनवता येत नाही, अन्न पचवायलाही त्याला शेकावं लागतं, हे मला माहीत होतं. ती रोज सकाळी दगडावर चपटी होऊन बसायची. मला वाटलं, झालं, सूर्य मिळाला.

तिसऱ्या आठवड्यात तिनं खाणं कमी केलं. कोळी तिच्या आवडीचे, ईशान बागेतून शोधून आणायचा. तोंडासमोरून कोळी गेला तरी ती नुसती बघायची. मग एका सकाळी तिची मागच्या पायाची बोटं थरथरताना दिसली. दगडावर चढताना पोट घासत होती, अंग उचलता येत नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. खोक्यावरचा मजकूर मी जपानी-मराठी करत पुन्हा अक्षर न् अक्षर वाचला. मागच्या बाजूला, बारकोडच्या वर, अगदी बारीक अक्षरांत होतं: अतिनील दिवा वेगळा घ्यावा.

त्या संध्याकाळी आबांशी बोलत होते. त्यांना काय सांगायचं म्हणून सांगितलं, की दिव्याखाली बसते तरी सुकत चालली आहे. आबा शेतकरी माणूस. म्हणाले, "बाळ, चुलीपाशी बसलं म्हणून ऊन लागतं का? सकाळी बांधावरच्या दगडावर सरडा बसतो तो नुसता ऊब घ्यायला बसत नाही. त्याला ऊन लागतं." मी वर्षभर जीवशास्त्र शिकवलेली बाई, पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. आमच्या जवळच्या दोन दवाखान्यांनी नाही म्हटलं, तिसरा ट्रेननं चाळीस मिनिटांवर मिळाला. प्लास्टिकच्या डब्यात ओला नॅपकिन घालून तिला नेलं. डॉक्टरांनी तिला तळहातावर उलटं केलं आणि पोटाच्या बाजूला 'व्ही' आकाराची फिकट खूण दाखवली. नर मिलनाच्या वेळी मादीला कुशीत चावून धरतो, त्याच्या जबड्याची ती खूण. म्हणजे नदीवरून आणली तेव्हाच तिचं मिलन झालेलं होतं. पोटात अंडी होती. अंड्यांना कॅल्शियम लागतं, अन्नातलं पुरत नाही तेव्हा शरीर ते हाडांतून काढतं. आणि अन्नात कितीही कॅल्शियम दिलं तरी ते आतड्यातून शोषायला 'ड' जीवनसत्त्व लागतं. ते या सरड्यांच्या कातडीत तयार होतं, सूर्याच्या यूव्हीबी नावाच्या अतिनील किरणांमुळे. संचातला बल्ब उजेड देतो, उष्णता देतो, यूव्हीबी देत नाही. पेटी खिडकीशी ठेवली असती तरी उपयोग नव्हता, खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते.

डॉक्टरांनी तोंडातून द्यायला कॅल्शियमचे थेंब दिले. मी येताना यूव्हीबी दिवा घेतला, ३,९८० येन, आणि भुकटी कॅल्शियम, ६५० येन. संचाच्या किमतीत हे मिळवून बघा. चार हजार येन आधीच जास्त सांगितले असते तर मी दिले असते. दिलेच की नंतर. माझा राग पैशांचा नाही. ज्या खोक्यावर सूर्याचं चित्र काढलं आहे त्यात सूर्य नाही, हे पुढच्या बाजूला लिहायला हवं. ते खोकं मुलं विकत घ्यायला लावतात, आणि मुलं चित्र वाचतात.

दिव्याबद्दल तीन गोष्टी अनुभवानं सांगते. एक, तो जाळीच्या वर ठेवला तर जाळी काही किरण खाते, म्हणून खोक्यावर दिलेलं अंतर जाळी धरून मोजा आणि त्याच्या आतच दगड ठेवा. दोन, दिवा पेटतोय म्हणजे यूव्हीबी येतेय असं नाही. उजेड तसाच राहतो आणि किरण महिन्यांमागून कमी होत जातात, त्यामुळे बसवल्याची तारीख दिव्यावर चिकटवा आणि कंपनी सांगेल तेव्हा बदला. तीन, टायमर घ्या. संचात नाही. सकाळी दिवा आपोआप लागणं आणि संध्याकाळी मालवणं तिच्यासाठी दिवस-रात्र आहे, ते आपल्या आठवणीवर सोडू नये.

आणि खरं ऊन मिळत असेल तर तेच सर्वांत चांगलं. पण काचेची पेटी उन्हात ठेवू नका! मी एकदा बाल्कनीत ठेवायला निघाले आणि आधी रिकामी ठेवून पाहिली. सात मिनिटांत मीटरचा काटा ४५ च्या पुढे. आत ती असती तर संपलं होतं. त्यानंतर मी कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत गवताची परडी आणि तिला ठेवून, अर्ध्या भागावर टॉवेलची सावली करून, सकाळी पंधरा मिनिटं बाल्कनीत बसायचे. मी चहा घ्यायचे, ती ऊन घ्यायची. आठव्या दिवशी तिनं पिशवीच्या आतून जाळीवरच्या डासावर उडी मारली. मी तिथेच रडले.

खाण्याचं सांगते, कारण दुकानवाले यात घाई करतात. सुरुवातीला मला कोरडं अन्न दाखवलं होतं. हळदनं त्याकडे पाहिलंही नाही, तिला हलणारं लागतं. दुकानात जिवंत रातकिडे आकारानुसार मिळतात. तिच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान घ्यायचे, छोट्या पिशवीत कॅल्शियमची भुकटी घालून हलवायचे आणि पांढरे झालेले सोडायचे. रातकिड्यांच्या डब्याला वास येतो, ते सहन करावं लागतं. डब्यात गाजराचे काप आणि अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा ठेवला तर वास बराच कमी होतो. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका, ते झोपलेल्या सरड्याला चावतात.

१४ जूनच्या सकाळी गवताच्या परडीत, मुळांपाशी, ओल्या मातीत चार अंडी दिसली. तुळशीच्या मंजिरीखाली ठेवावीत इतकी लहान, सेंटिमीटरभर, पांढरी, मऊ कवचाची. संचात त्यांच्यासाठी काही नाही, असायला हवं असंही माझं म्हणणं नाही. पुडिंगचा रिकामा कप, त्यात ओलं शेवाळ, झाकणाला चार भोकं. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं ठिपका केला आणि ठिपका वरच राहील असं उचलून ठेवलं. सरड्याचं अंडं फिरवायचं नसतं, आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटतो आणि उलटं झालं तर मरू शकतो. कोंबडीच्या अंड्याशी ओळख असलेल्या मला हे फार नवीन होतं.

ती अंडी वाढतात. कवचातून पाणी शोषून महिनाभरात ती लांबट होती ती गोल टपोरी झाली. एक बुरशी येऊन गेलं. बाकीची तीन ४१ व्या दिवशी, २५ जुलैला, शाळेच्या सुट्टीत फुटली. ईशान पहाटे पाचला उठून कपापुढे बसला होता. आधी चीर, मग नाक, मग बराच वेळ नुसतं नाक. पिल्लं जवळजवळ काळी असतात, शेपूट तर फारच गडद, जणू दोऱ्याला डोळे फुटलेत.

आणि इथे पेटीचा खरा दोष कळला. मागच्या बाजूला वायर आत न्यायला सरकती पट्टी असलेली भोकं आहेत. वायर घातल्यावर पट्टी पूर्ण बंद होत नाही, ४-५ मिलिमीटरची फट राहते. मोठ्या हळदला ती फट काहीच नव्हती. पिल्लांसाठी वेशीचा दरवाजा. दुसऱ्या दिवशी तीनऐवजी दोन. आम्ही तिघं चार तास फरशीवर पालथे होतो, नवऱ्यानं ऑफिसची मीटिंग पुढे ढकलली. शेवटी ते पिल्लू तांदळाच्या डब्यामागे, भिंतीच्या कडेला, धूळ लागलेलं सापडलं. ओल्या कापसावर ठेवलं, पाणी चाटलं, जगलं. भांडी घासायचा नवा स्पंज कापून, वायरपुरती चीर देऊन त्या फटीत कोंबला. रातकिडेही बाहेर येईनासे झाले. कंपनीनं दहा येनचा फोमचा तुकडा घालून दिला असता तर.

मीटरबद्दल एकच वाक्य: काट्याचं मीटर दमटपणा १०-१५ टक्के चुकीचा दाखवत होतं, दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिल्यावर कळलं, तेव्हा त्यावर विसंबू नका.

अनेकांनी विचारलं म्हणून कायद्याचंही लिहिते. आमच्याकडचा साधा कानाहेबी सर्रास दिसतो, पण जपानमधला प्रत्येक कानाहेबी पकडता येत नाही. दक्षिणेला मियाको बेटांवर एक हिरवा, फार सुंदर कानाहेबी आहे, फक्त त्याच बेटांवर. १९९६ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे आणि कायद्यानं संरक्षित आहे: पकडायचा नाही, विकायचा नाही, ठेवायचा नाही. त्याला खाणाऱ्यांत बाहेरून आणलेले प्राणी आहेत, आणि त्यांत भारतीय मोर आहे. शोभेसाठी आणलेले मोर सुटले, वाढले आणि गवतात चरताना सरडे टिपू लागले. आपण मोराला किती जपतो! त्या बेटावरच्या गवतात तोच मोर परका आहे. हे कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते. तिकडे सहलीला गेलात तर हिरवा सरडा दिसल्यावर मुलांना फोटोवर थांबवा.

आम्ही ठेवून घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. कानाहेबी थंडीत मातीत शिरून झोपतो, त्यासाठी त्याला शरद ऋतूत खाऊन अंग भरायला वेळ हवा. ऑगस्टमध्ये बांधावरचं गवत यंत्रानं कापलं होतं, म्हणून ते पुन्हा वाढेपर्यंत थांबलो. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याच बांधावर, त्याच पायऱ्यांच्या डावीकडे, जिथे ईशान शिरला होता तिथेच नेलं. दुसरीकडे कुठे सोडणं योग्य नव्हतं. पिल्लं सोडताक्षणी दिसेनाशी झाली. हळद ईशानच्या मनगटावर थोडा वेळ बसली, मग उतरली. तिचं डोकं गवतात गेल्यावरही शेपूट बराच वेळ बाहेर होती, आणि ईशान ती मोजत होता.

पेटी गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून आम्ही ईशानच्या वर्गाला दिली, यूव्हीबी दिवा आणि टायमरसकट. पुढच्या वर्षीची दुसरी वापरेल. सोबत दोन परड्या आणि ओटचं एक पाकीटही दिलं. ईशाननं झाकणावर स्वतःच्या हातानं जपानीत कागद चिकटवला आहे. पहिल्या ओळीत दिव्याची तारीख. दुसऱ्या ओळीत गवताला पाणी कधी. तिसरी ओळ लाल पेन्सिलीत आहे: मागचा स्पंज काढू नका.